वापरलेलं वाद्य विकताना: पार्सलने पाठवायचं की भेटून हातात द्यायचं?

वापरलेली गिटार, कीबोर्ड किंवा ॲम्प विकताना बहुतेक जण आधी फोटो टाकतात. मग भाव ठरतो, घासाघीस होते, सौदा पक्का होतो आणि त्यानंतर प्रश्न येतो, "मग पाठवताय कसं?" तोवर शब्द देऊन झालेला असतो. घरात खोका नसतो, कुरियरचा दर माहीत नसतो आणि समोरचा पैसे भरायला निघालेला असतो. मग मिळेल त्या पुठ्ठ्यात वस्तू कोंबली जाते आणि भांडणाची सुरुवात होते.

वस्तू द्यायची कशी, हे जाहिरात टाकण्याआधी ठरवायचं. भाव, पैसे घेण्याची पद्धत, पुरावे, पॅकिंग हे सगळं त्या एका निर्णयावर उभं आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा टप्पा गाळला तर पुढच्याला आधार राहत नाही.

## टप्पा १: ही वस्तू प्रवासाची आहे का, ते आधी ठरवा

एकच कसोटी लावा: खोक्यासकट ही वस्तू कंबरेच्या उंचीवरून फरशीवर पडली, तर आत काय होईल? पार्सल पडतं, आडवं होतं, त्याच्यावर दुसरी पार्सलं रचली जातात. "नाजूक" असं लाल अक्षरात लिहिल्याने यातलं काही टळत नाही, कारण बराचसा प्रवास सरकत्या पट्ट्यांवरून होतो. पट्टा अक्षरं वाचत नाही.

या कसोटीवर निर्धास्त पाठवाव्यात अशा वस्तू म्हणजे इफेक्ट पेडल (पायाने दाबून आवाज बदलणारी डबी), ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन किंवा वाद्य संगणकाला जोडणारं यंत्र), छोटे सिंथ म्हणजे सिंथेसायझर, डायनॅमिक मायक्रोफोन, पिकअप (तारांचा कंप टिपणारा गिटारचा भाग), केबल. या लहान आणि घट्ट बांधणीच्या असतात, शिवाय त्यांचे घेणारे दूरवर विखुरलेले असतात. एखादं दुर्मीळ पेडल आपल्याच परिसरात विकलं जाईल म्हणून महिनोन्महिने थांबण्यात अर्थ नाही.

इलेक्ट्रिक गिटार हार्डकेससह पाठवता येते. बोल्टने नेक (मान) जोडलेली, हेडस्टॉक म्हणजे खुंट्यांचं टोक सपाट असलेली फेंडर पद्धतीची गिटार प्रवास बरा सोसते. गिब्सन लेस पॉलसारख्या गिटारचा हेडस्टॉक साधारण १७ अंशांनी मागे झुकलेला असतो, आणि ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतल्या लोखंडी सळईचा नट (चाकी) बसवण्यासाठी नेमकं त्याच वळणावर लाकूड कोरून काढलेलं असतं. म्हणजे सगळ्यात जास्त झटका जिथे बसतो तिथेच लाकूड सगळ्यात कमी. केस पाठीवर पडली की खुंट्यांच्या वजनाने हेडस्टॉक झटक्याने रेटला जातो आणि तिथेच चिरतो. केसला बाहेरून ओरखडाही नसतो. अशी गिटार पाठवायचीच असेल, तर टप्पा ७ अक्षरशः पाळा.

आता ज्या वस्तू शक्यतो भेटूनच द्याव्यात त्यांच्याबद्दल. व्हॉल्व्हचा काँबो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला) यात पहिला. फेंडर ट्विन रिव्हर्बसारखा ॲम्प २९ किलोच्या आसपास भरतो, आणि त्यातला बराच भार ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरच्या चुंबकांचा असतो. खोका आपटला की चासी म्हणजे आतला धातूचा सांगाडा वाकतो, ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू उपटतात, व्हॉल्व्ह सॉकेटमधून निसटतात. मोठे स्पीकर कॅबिनेट, ८८ पट्ट्यांचे हॅमर ॲक्शन (पियानोसारख्या जड पट्ट्यांचे) कीबोर्ड, पूर्ण ड्रमसेट, मोठे मिक्सर यांचंही तेच. भोपळ्याच्या वाद्यांबाबत तर मी ठाम आहे: खास बनवलेली फायबरची पेटी नसेल तर तंबोरा किंवा सतार साध्या पार्सलने पाठवू नका. भोपळा तडकला की सांधता येतो, पण वाद्य पूर्वीसारखं राहीलच याची खात्री कुणी देत नाही.

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, मधल्या गटातलं. ते पाठवता येतं, पण प्लॅटर (फिरती तबकडी) जागेवर ठेवून पाठवलं तर प्रत्येक धक्का स्पिंडलच्या, म्हणजे मधल्या दांडीच्या, बेअरिंगवर बसतो. प्लॅटर, काउंटरवेट (मागचं वजन) आणि हेडशेल (सुईचं टोक) उतरवून वेगवेगळे बांधायचे आणि टोनआर्म म्हणजे सुईचा दांडा पकडीत बांधून टाकायचा.

इथे थांबून तपासा: "भेटूनच देणार", "पाठवणारच" किंवा "दोन्ही चालेल" यांपैकी एक उत्तर कागदावर लिहा. "बघू" हे उत्तर असेल तर जाहिरात टाकू नका.

## टप्पा २: भाव ठरवण्याआधी खोक्याचं माप घ्या

कुरियर खरं वजन आणि आकारमानाचं वजन अशी दोन वजनं काढतं आणि जे जास्त असेल त्याचे पैसे लावतं. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ठरलेला आकडा. हवाई कुरियरकडे हा आकडा बहुधा ५००० असतो. काही ठिकाणी वेगळा असतो, म्हणून विचारून घ्या.

हार्डकेससह गिटारचा खोका धरा ११५ × ४५ × २० सेंटीमीटर. गुणाकार १,०३,५००. त्याला ५००० ने भागलं की २०.७ किलो. तराजूवर तोच खोका आठ-नऊ किलोच भरतो, पण बिल जवळपास एकवीस किलोचं येतं. वजनकाट्यावरचा आकडा घेऊन अंदाज बांधणारे इथे फसतात आणि फरक स्वतःच्या खिशातून भरतात.

माप वस्तूचं घेऊ नका, भरलेल्या खोक्याचं घ्या. चारी बाजूंना किमान पाच सेंटीमीटर मऊ भर जाणार, म्हणजे प्रत्येक माप दहा सेंटीमीटरने वाढणार. यात खोका, बबल रॅप, चिकटपट्टी आणि विमा यांचा खर्च मिळवा. ही बेरीज हातात आली की दोन भाव ठरवा, एक भेटून नेणाऱ्यासाठी आणि एक पार्सलसाठी. दोन्ही जाहिरातीत स्वच्छ लिहा. "पाठवण्याचा खर्च वेगळा" एवढंच मोघम लिहिलं की त्या खर्चावर नव्याने घासाघीस सुरू होते.

विम्याच्या अटी या टप्प्यावरच वाचायच्या. अनेक विमा योजनांत वापरलेल्या वस्तू, वाद्यं किंवा काचेचे भाग वगळलेले असतात, आणि "अपुरं पॅकिंग" हे दावा नाकारण्याचं नेहमीचं कारण असतं. पार्सलची किंमत जाहीर केली म्हणजे तेवढ्या रकमेचा विमा झाला, असं नेहमी नसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सावधान: विम्याचा हप्ता वाचवायला वस्तूची किंमत कमी दाखवू नका. नुकसान झालं तर भरपाई त्याच कमी आकड्यावर अडकते.

## टप्पा ३: वस्तू तयार करा आणि पुरावे साठवा

हा टप्पा दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे, आणि सगळ्यात जास्त आळस इथेच केला जातो.

आधी स्वच्छता. फ्रेटबोर्डवरचा मळ आणि पेडलच्या बटणांखालची धूळ काढा. खरखरणारे व्हॉल्यूम पॉट (आवाजाची फिरती बटणं) काँटॅक्ट क्लीनरने साफ करून पाहा. खरखर गेली तर उत्तम, राहिली तर जाहिरातीत लिहा.

मग विजेवर चालणाऱ्या वस्तूंमधून स्वतःला पुसून काढा. सिंथमधले आपले पॅच (स्वतः बनवून साठवलेले आवाज) संगणकावर उतरवून घ्या आणि फॅक्टरी रीसेट करा. ऑडिओ इंटरफेस किंवा दुसरं एखादं यंत्र तुमच्या खात्यावर नोंदलेलं असेल, तर ती नोंद सोडवावी लागते. नाहीतर घेणाऱ्याला ते स्वतःच्या नावावर करता येत नाही आणि तो तुम्हाला लबाड समजतो. सोबतचं सॉफ्टवेअर हस्तांतरित होतं की नाही, हे त्या कंपनीच्या अटींत पाहा. होत नसेल तर "सॉफ्टवेअर मिळणार नाही" असं आधीच सांगा.

नंतर व्हिडिओ. एकाच सलग चित्रणात हे सगळं यायला हवं: सिरियल नंबर, चारी बाजू, प्रत्येक डाग आणि पोचा, आणि वस्तू चालू करून वाजवणं. मध्ये कापाकापी केलेला व्हिडिओ वादात फारसा कामाचा नसतो. गिटारवर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. कीबोर्डवर प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबा, कारण काही पट्ट्या फक्त हळू दाबल्यावरच अडखळतात आणि नेमकी तीच तक्रार मागून येते. इंटरफेसचे सगळे इनपुट तपासा. ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच मायक्रोफोनला मिळणारी वीज) चालतो का, हे त्या विजेवर चालणारा कंडेन्सर मायक्रोफोन लावून पाहा. ही तपासणी करताना जुना रिबन मायक्रोफोन जोडू नका. वायरिंगमध्ये दोष असेल तर त्याची रिबन, म्हणजे आतली पातळ धातूची पट्टी, जाऊ शकते.

सावधान: व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि "आतून फोटो पाठवा" असं कुणी म्हणालं तरी ॲम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

## टप्पा ४: जाहिरातीतच अटी लिहा

वस्तूचं वर्णन तुम्ही कराल तसं करा, पण पाच गोष्टी नक्की लिहा: भेटून देणार की पाठवणार, दोन्ही भाव, पैसे कोणत्या पद्धतीने घेणार, दोष कोणते आणि सोबत काय काय मिळणार. ॲडॉप्टर मूळचा आहे की बदललेला, हेही सांगा. पेडल खराब होण्यामागे चुकीचा ॲडॉप्टर हे मोठं कारण असतं. बहुतेक गिटार पेडल ९ व्होल्ट, मधली पिन ऋण अशा जोडणीची असतात, पण काही जुनी आणि काही खास पेडल उलटी असतात. तुमचं तसं असेल तर एक ओळ लिहा, म्हणजे घेणाऱ्याचं पेडल पहिल्याच दिवशी जळणार नाही.

सिरियल नंबर जाहिरातीच्या फोटोत पूर्ण दाखवू नका. शेवटचे दोन-तीन आकडे झाका आणि गंभीर विचारणा आली की पूर्ण द्या. दुसऱ्याच्या फोटोंवर खोट्या जाहिराती उभ्या करणाऱ्यांना एवढ्यानेही अडसर होतो.

## टप्पा ५: पैशांची पद्धत आणि वस्तू देण्याची पद्धत जुळवा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, कारण मोठं नुकसान बहुधा इथे होतं. नियम छोटा आहे: भेटून देणार असाल तर परत न फिरणारे पैसे, भेटीतच, वस्तू तपासून झाल्यावर. पार्सलने पाठवणार असाल तर माग काढता येणारं पार्सल आणि त्या मागाशी जोडलेलं, दोघांनाही संरक्षण देणारं पेमेंट. अडचण येते ती या दोन जोड्यांची सरमिसळ केल्यावर.

समजा एखाद्याने ऑनलाइन, खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या सेवेतून पैसे भरले आणि गिटार मात्र तुमच्या घरी येऊन नेली. काही दिवसांनी तो त्या सेवेकडे तक्रार करतो की वस्तू मिळालीच नाही. सेवा तुमच्याकडे पार्सलचा माग क्रमांक मागते. तो तुमच्याकडे नाही, कारण पार्सल कधी निघालंच नव्हतं. तुमच्या हातून गिटारही जाते आणि पैसेही. अशा सेवांची विक्रेत्याची बाजू बहुतेक वेळा पोच पावतीवर उभी असते, आणि हातोहात दिलेल्या वस्तूला तशी पावती नसते. म्हणून भेटून नेणारा म्हणाला, "मी ऑनलाइनच भरतो, तुमचं काय जातंय?" तर नम्रपणे नाही म्हणा.

याच्या उलट सरमिसळ म्हणजे पूर्ण रक्कम आधी थेट बँकेत आणि वस्तू पार्सलने. इथे धोका घेणाऱ्याला आहे, आणि तो कचरला तर रागावू नका. व्हिडिओ कॉलवर वस्तू वाजवून दाखवा, त्याने सांगितलेला शब्द कागदावर लिहून तो कागद वस्तूशेजारी ठेवा. प्रामाणिक विक्रेत्याला यात काही गमवायचं नसतं.

"मी बाहेरगावी आहे, माझा माणूस येऊन नेईल" हा प्रकार दर वेळी फसवणूकच असतो असं नाही. पण अट एकच ठेवा: माणूस निघण्याआधी पैसे तुमच्या खात्यात जमा झालेले हवेत, आणि नेणाऱ्याचं नाव खुद्द घेणाऱ्याने लेखी कळवलेलं हवं. "आमचं कुरियर येईल, तुम्ही फक्त नोंदणीचे थोडे पैसे भरा" असं कुणी म्हटलं की संभाषण तिथेच थांबवा.

ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे "चुकून" आले आणि वरचे परत मागितले जाऊ लागले, तर स्वतः परत पाठवू नका. बँकेला कळवा आणि मूळ व्यवहारच उलटवू द्या. बहुतेकदा मूळ पैसे चोरीच्या खात्यातले असतात किंवा नंतर वटत नाहीत. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःचं खातं स्वतः उघडून शिल्लक पाहा. आणि पैसे मिळवण्यासाठी कधीही कोड स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

वस्तू पोचल्यावर पैसे, ही पद्धत महागड्या वाद्यासाठी मला पटत नाही. घेणाऱ्याने दारातून परत पाठवलं तर दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्या माथी येतं आणि वाद्याला दुप्पट प्रवास घडतो.

इथे थांबून तपासा: कोणत्या पद्धतीने देणार आणि कोणत्या पद्धतीने पैसे घेणार, हे दोन्ही एकाच निरोपात लिहून समोरच्याकडून "मान्य" असं उत्तर घेतलं का?

## टप्पा ६: भेटून द्यायचं असेल तर

जागा निवडताना सुरक्षितता आणि विजेचा प्लग, दोन्ही बघा. बरेच जण वर्दळीची जागा ठरवतात आणि तिथे गेल्यावर लक्षात येतं की कीबोर्ड चालू कुठे करायचा. सरावाची खोली किंवा ओळखीचा स्टुडिओ उत्तम. पेडल किंवा छोटा सिंथ बॅटरीवर, हेडफोन लावून कुठेही दाखवता येतो. जड वस्तू घरीच द्यावी लागते. अशा वेळी ती दाराजवळच्या खोलीत आणून ठेवा, दिवसाउजेडी बोलवा आणि घरात दुसरं कुणी असेल अशी वेळ निवडा.

निघण्याआधी घेणाऱ्याला त्याच्या गाडीची आतली लांबी विचारा. ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण १३० ते १४० सेंटीमीटर लांब असतो, आणि पुष्कळ गाड्यांत मागची सीट पाडल्याशिवाय मावत नाही. उचलायला दुसरा माणूस आणायलाही सांगा.

सोबत चालू असलेली केबल, नवी ९ व्होल्टची बॅटरी, मूळ ॲडॉप्टर आणि हेडफोन ठेवा. गिटार आधी सुरात लावा. पोचल्यावर समोरच्याला मनसोक्त वाजवू द्या. मी तर म्हणेन, तुम्हीच त्याला तपासायला लावा: सगळे फ्रेट, पिकअपचा प्रत्येक स्विच, जॅकमध्ये केबल हलवून पाहणं, सांगितलेले दोष दाखवून देणं. त्याने स्वतःच्या बोटांनी तपासलेल्या गोष्टीबद्दल रात्री फोन येत नाही.

ॲम्प दाखवताना एक बारीक गोष्ट सांभाळा. व्हॉल्व्ह ॲम्प चालू केल्यावर तो तापायला थोडा वेळ द्या, आणि दाखवून झाल्यावर लगेच गाडीत चढवू नका. गरम व्हॉल्व्हला धक्के सोसत नाहीत. तो निवेपर्यंत पैशांचं आणि कागदाचं काम उरका.

पैसे खात्यात जमा झालेले पाहिल्यावर किंवा रोख मोजून झाल्यावर एक साधी चिठ्ठी लिहा. तिच्यात वस्तूचं नाव, सिरियल नंबर, तारीख, रक्कम आणि "वाजवून, पाहून घेतलं" ही ओळ. दोघांच्या सह्या आणि दोघांकडे एकेक फोटो. ही चिठ्ठी घेणाऱ्याच्याही उपयोगाची आहे. उद्या त्याला वाद्य विकायचं झालं तर मालकीचा पुरावा हाच.

सावधान: "घरी नेऊन बँडसोबत वाजवून बघतो, मग पैसे देतो" याला होकार देऊ नका. तशी इच्छा असेल तर पूर्ण पैसे घ्या आणि ठरलेल्या मुदतीत परत घेण्याचं लेखी कबूल करा.

## टप्पा ७: पाठवायचं असेल तर पॅकिंगचा क्रम

उदाहरण गिटारचं घेतो. इतर बऱ्याच वस्तूंना हीच तत्त्वं लागू होतात.

१. तारा सैल करा, पण पूर्ण नाही. ॲकॉस्टिक गिटारच्या सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास असतो. तो कमी करायला तारा एक-दोन स्वर खाली उतरवणं पुरेसं आहे. पूर्ण सोडल्या तर ट्रस रॉडचा जोर एकटाच उरतो आणि नेक उलटी वाकू शकते. व्हायोलिनसारख्या वाद्यात तर तारा पूर्ण सोडणं घातकच. घोडी तारांच्या दाबावरच उभी असते आणि आतला साउंडपोस्ट म्हणजे लाकडी खांबही त्याच दाबाने जागेवर राहतो. घोडीच्या दोन्ही बाजूंना आणि टेलपीसखाली मऊ कापड ठेवा.

२. सुटं होणारं सगळं काढा. ट्रेमोलोचा दांडा, खांद्यावरच्या पट्ट्याचे लॉक, केसमधल्या कप्प्यातली किल्ली, कापो (नेकवर लावायचा चिमटा), तारांचं पाकीट. केसमध्ये सुटा राहिलेला कापो प्रवासभर गिटारच्या अंगावर आपटत जातो. हे सगळं पिशवीत घालून खोक्यात, केसच्या बाहेर ठेवा. पेडलमधली बॅटरी काढा. ती गळू शकते. वायरलेस यंत्रणेत लिथियम बॅटरी असेल तर पार्सल देताना सांगावंच लागतं. हवाई वाहतुकीत त्यावर कडक नियम आहेत.

३. तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये पातळ पुठ्ठ्याची किंवा कागदाची पट्टी सरकवा.

४. केसमध्ये हेडस्टॉकचा आधार बघा. नट म्हणजे नेकच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी, तिच्या जरा अलीकडे नेक नीट टेकलेली हवी. हेडस्टॉकच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना चुरगाळलेला मऊ कागद भरा, जेणेकरून धक्क्यात त्याला पुढे-मागे जायला जागाच उरणार नाही. पण ठासून भरू नका, झाकण लावताना हेडस्टॉकवर दाब पडता कामा नये. केस बंद करा, उभी धरून हलकेच हलवा. आत गिटार सरकल्याचं जाणवलं तर उघडून पुन्हा भरा.

५. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या जुन्या गिटारला बबल रॅप थेट लावू नका, लॅकरवर बुडबुड्यांचे ठसे उमटतात. आधी स्वच्छ सुती कापड किंवा साधा पातळ कागद, मग बबल रॅप.

६. बंद केस जाड, दुहेरी थराच्या खोक्यात ठेवा. खाली पाच सेंटीमीटर भर, मग केस, मग चारी बाजू आणि वर भर. कोपऱ्यांना सगळ्यात जास्त भर द्या. वर्तमानपत्राचा कागद प्रवासात दबतो आणि पोकळी तयार होते, त्यापेक्षा फोम किंवा बबल रॅपच्या घट्ट गुंडाळ्या बऱ्या. वाद्यांच्या दुकानात गिटारचे रिकामे खोके पडलेले असतात, मागितले तर सहसा मिळतात.

७. खोक्याच्या तळाला आणि झाकणाला रुंद चिकटपट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर लावा. फक्त मधली पट्टी वजनाने उसवते.

८. पत्ता खोक्याच्या आतही एका कागदावर लिहून ठेवा. बाहेरचा कागद फाटला तर पार्सल निदान बेवारस ठरत नाही.

प्रत्येक पायरीचा फोटो काढा. विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न पॅकिंगचाच येतो, आणि खोका एकदा बंद झाला की उत्तर देणारे फक्त हे फोटो असतात.

इतर वस्तूंबद्दल थोडक्यात. कीबोर्डच्या पट्ट्यांवर फोमचा पट्टा ठेवून वरून पुठ्ठा बांधा, आणि नॉब-फेडरच्या बाजूला कधीही भार येऊ देऊ नका. झांजांना, म्हणजे सिंबलना, कडेने पुठ्ठ्याची किनार लावून एकेक वेगळी गुंडाळा. तडे कडेपासूनच जातात. ड्रमचे शेल एकात एक बसवा, मध्ये फोम घाला. ॲम्प हेड पाठवायचा असेल तर व्हॉल्व्ह काढून, सॉकेटचे क्रमांक लिहून, वेगळ्या डबीत बांधा. कंडेन्सर मायक्रोफोनच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका.

इथे थांबून तपासा: बंद खोका दोन्ही हातांनी उचलून हलवा. आवाज किंवा सरकणं जाणवलं तर तो अजून तयार नाही. हातात धरून खाली सोडायची भीती वाटत असेल, तर आत भर कमी आहे.

## टप्पा ८: पार्सल देणं आणि पोचवणं

पैसे भरताना दिलेल्या पत्त्यावरच पाठवा. नंतर "दुसऱ्या पत्त्यावर पाठवा" असा निरोप आला, तर जुना व्यवहार रद्द करून नव्या पत्त्यासह नवा करा. बदललेल्या पत्त्यावर पाठवलेल्या पार्सलला पेमेंट सेवेचं संरक्षण सहसा उरत नाही.

शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा, म्हणजे सुट्टीच्या दिवसांत पार्सल गोदामात पडून राहत नाही. काउंटरवर वजन करून पावती घ्या. रिकामा खोका आल्याची तक्रार झाली तर पावतीवरचं वजन तुमच्या बाजूने बोलतं. पोचताना सही घेण्याची सोय असेल तर ती घ्या.

घेणाऱ्याला दोन सूचना लेखी द्या. पहिली, खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि बाहेरून पोचा दिसत असेल तर सही करतानाच तशी नोंद करा. दुसरी, हवा फार थंड किंवा फार गरम असेल तर बंद खोका घरात रात्रभर तसाच ठेवा आणि मग उघडा. थंडगार गिटार एकदम उबदार खोलीत बाहेर काढली तर जुन्या लॅकरला बारीक चिरा पडतात, आणि थंड यंत्रात दव धरलेलं असताना वीज दिली तर सर्किट जाऊ शकतं.

देशाबाहेर पाठवत असाल तर तीन गोष्टी आधी बघा. व्होल्टेज: ११०-१२० चं यंत्र २२०-२४० वर थेट लावलं की जळतं, म्हणून मागचा स्विच किंवा ॲडॉप्टरवरचे आकडे वाचून घेणाऱ्याला कळवा. वायरलेस मायक्रोफोनची वारंवारता: प्रत्येक देशाचे पट्टे वेगळे असतात, आणि अमेरिकेत २०२० पासून ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातला मोठा भाग वापरायला बंदी आहे. तिसरं लाकूड. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स (CITES, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे ते असलेलं वाद्य परवान्याशिवाय सीमापार विकता येत नाही. इतर रोझवूडवर २०१७ मध्ये बंधनं आली होती, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली आहे. हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचा भाग असलेलं वाद्य मात्र परवान्याची चौकशी केल्याशिवाय पाठवूच नका.

## टप्पा ९: तक्रार आली तर

पहिल्या निरोपाला रागाने उत्तर देऊ नका. फोटो मागवा: खोक्याच्या सहा बाजू, आतली भर, आणि नुकसान जवळून. खोका आणि भर टाकून देऊ नका असं लगेच सांगा. कुरियरचा माणूस तपासायला येऊ शकतो आणि खोका नसेल तर दावा तिथेच संपतो. कुरियरकडे लेखी तक्रार त्याच दिवशी करा, त्यांच्या मुदती फार छोट्या असतात.

मग टप्पा ३ मधला व्हिडिओ काढून दोष जुना की नवा ते स्वतः आधी पाहा. जुना असेल आणि जाहिरातीत लिहायचा राहिला असेल, तर दुरुस्तीचा खर्च द्या किंवा वस्तू परत घ्या, आणि परतीचं भाडंही तुम्हीच भरा. प्रवासातला असेल तर दाव्याचा निकाल लागेपर्यंत घेणाऱ्याला प्रत्येक उत्तर कळवत राहा. परत घेताना वस्तू हातात येऊन सिरियल नंबर जुळल्यावरच पैसे परत करा. नंबर न जुळणारी, बाहेरून अगदी तशीच दिसणारी दुसरी वस्तू परत येण्याचे प्रकार होतात.

व्यवहार पूर्ण झाला, परत घेण्याची मुदत उलटली, की जाहिरात काढून टाका. व्हिडिओ, पावत्या आणि चिठ्ठीचा फोटो मात्र निदान वर्षभर जपून ठेवा.